पर्लकोटेपलीकडचा रक्तदाब

बँकेच्या नोकरीत 'टार्गेट' या शब्दाने माझा जन्मभर पिच्छा पुरवला. आकडा मुंबईत ठरायचा, वसुली मात्र खेड्यात जाऊन करावी लागायची. निवृत्तीनंतर सुटलो असे वाटले, तोच डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बीपीचं टार्गेट एकशे तीस!"

हा आकडा आला कुठून? २०१५ साली 'स्प्रिंट' हा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढचे ९३६१ लोक त्यात होते; हृदयविकाराचा धोका असलेले, पण मधुमेह नसलेले. ज्यांचा वरचा दाब १४०ऐवजी १२०च्या आत आणायचे ठरले, त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले. भोवळ येण्याचे व मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रकार मात्र वाढले. २०१७मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १३०/८० ही रेघ आखली आणि कालपर्यंतची धडधाकट माणसे एका कागदाने रुग्ण झाली!

हा कागद घेऊन हेमलकशाला जावे. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यापुढे माडिया रुग्ण येत ते मलेरियाचे, अस्वलाने फाडलेले. रक्तदाब हा बंगल्यातल्यांचा रोग, अशीच तेव्हा आपली समजूत. ती गडचिरोलीनेच खोटी ठरवली. 'सर्च' संस्थेने याच जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू तपासले. सातांतला एक लकव्याचा निघाला. आणि त्यातले बहुतेक घरातच गेलेले. लकव्याचे मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

ताप माणसाला दवाखान्यात आणतो. दाब आणत नाही. काही दुखत नसताना रोज गोळी का घ्यायची, हे शहरातल्या शिकलेल्यांनाही पटत नाही. त्यात हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की पलीकडची गावे तुटत आली आहेत. गोळ्या संपल्या की दाब पुन्हा चढतो. तो पूर ओसरण्याची वाट पाहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये बहुतेकांसाठी १४०/९०च्या आतला दाब पुरेसा मानला. हृदयविकार असलेल्यांसाठी वरचा आकडा १३०च्या आत. मला हे व्यवहाराचे वाटते. दहा जणांना १३०वर आणून नव्वदांना वाऱ्यावर सोडण्यापेक्षा शंभरांना १४०च्या आत ठेवावे. जमेल त्याला पुढे आणखी खाली आणावे. पण नदीपलीकडच्या माणसाला मे महिन्यातच सप्टेंबरपर्यंतच्या गोळ्या द्याव्यात, आणि वर एक पाकीट जास्तीचे.