दहा विकेट घेऊनही संघाबाहेर!

आमच्या अंधेरीच्या ग्रुपवर फॅन्टसी टीम लावताना (पैसे नाहीत, हरणाऱ्याकडून वडापाव) जो तो एकच विचारतो, मागच्या मॅचला किती विकेट काढल्या? तिथेच गाडी घसरते.

फिरकीपटू एजाझ पटेलचंच बघा. मुंबईचा जन्म, बालपण जोगेश्वरीत, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेला. डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवरच्या कसोटीत न्यूझीलंडकडून त्याने एका डावात 119 धावांत दहाच्या दहा बळी घेतले. कसोटीत असं करणारा तो लेकर आणि कुंबळेनंतर तिसराच. तरी न्यूझीलंड 372 धावांनी हरलं, कारण त्यांचा पहिला डाव 62 मध्ये आटोपला होता. पुढच्या मायदेशातल्या मालिकेत तर एजाझ संघातच नव्हता! तिथल्या हिरव्या खेळपट्ट्यांवर फिरकीला काम कमी. 2024 मध्ये तो वानखेडेच्या लाल मातीवर परतला आणि सामन्यात 11 बळी घेऊन गेला.

म्हणजे आधी मैदान बघा, मग माणूस.

आकड्यामागची परिस्थिती बघायला अमेरिकेतले बेसबॉलवाले कधीच शिकलेत. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा पिचर (म्हणजे तिथला गोलंदाज) जेकब डीग्रॉमच्या नावावर विजय फक्त 10. पण क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळता नऊ डावांमागे त्याने सरासरी 1.70 धावाच दिल्या, 269 फलंदाज स्ट्राइकआउट केले, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. फलंदाजांनी साथ दिली नाही, हा पिचरचा दोष कसा?

वानखेडेवरच्या पुढच्या कसोटीसाठी तुमचा पहिला गोलंदाज कोण? नाव नुसतं नको, कारणही लिहा.