काटा लाल रेषेकडे सरकतो तेव्हा

मे महिन्याच्या दुपारी कसारा घाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. ते चालक शहाणेच म्हणायचे. काळजी वाटते ती तापमानाचा काटा वर गेलेला दिसत असूनही ‘एवढा घाट संपू दे, मग थांबू’ म्हणत गाडी रेटणाऱ्यांची. पाइप फुटणं हा किरकोळ खर्च आहे. हेड गॅस्केट जातं ते पुढच्या दोन-तीन किलोमीटरच्या हट्टापायी.

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टांनी आवळलेलं सिलिंडर हेड यांच्यामध्ये हे पातळ गॅस्केट बसतं. आत पेटणारा वायू क्षणभर २००० अंशांच्याही वर जातो. शेजारच्या वाटांमधून कुलंट आणि ऑइल फिरत असतं. या तिघांना एकमेकांत मिसळू न देणं एवढंच गॅस्केटचं काम. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. नेहमीच्या ९० अंशांच्या आसपास हा फरक गॅस्केट पेलतं. पारा फार चढला, की आवळलेल्या हेडला फुगायला जागा उरत नाही आणि ते वाकतं. कित्येक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही. तेवढ्या फटीतूनही वायू वाट काढतो.

म्हणून लाल दिवा लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावं. हीटरमुळे इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये येते. घामाघूम व्हाल, पण कडेला पोचेपर्यंत तेवढाच आधार. आणि वर गेलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. त्याचा सेन्सर कुलंटचं तापमान मोजतो. कुलंटच वाहून गेलं असेल तर काटा खोटं सांगतो आणि इंजिन कोरडं भाजत राहतं.

रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये. कुकरसारखाच आत दाब असतो. त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. तासभर थांबावं, वरचा होज पाइप हाताला गार आणि मऊ लागल्यावरच झाकणाला हात घालावा. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बाटली ओतणं तर सरळ हेडला तडा देण्याचा रस्ता.

गॅस्केट गेल्याच्या खुणा ओळखता येतात. बाहेर गळती नसताना कुलंट कमी होत जातं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात, ऑइल दुधाळ होतं. मात्र पावसाळ्यात गाडी रोज थोडंसंच अंतर धावत असेल, तर ऑइलच्या झाकणाखाली बाष्पामुळेही थोडा पांढरा थर धरतो. तेवढ्यावरून हेड खोलायला परवानगी देऊ नका. आधी गळतीची चाचणी मागा: रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या नळीतलं निळं द्रव पिवळं झालं, तर जळालेला वायू कुलंटमध्ये शिरतोय हे नक्की.

हेड उतरलंच, तर ते लेथवाल्याकडे तपासून, गरजेप्रमाणे फेसिंग करूनच परत बसवायला हवं. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळायचे, आणि नवे टाकायला सांगितले असतील तर तिथे काटकसर नको. अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा दगा देतं.

आपल्याकडच्या दोन सवयी मला फार खटकतात. एक, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं. त्याने रोग तसाच राहतो, इंजिन थंडीत लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. दुसरी, कुलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरणं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, आणि गंजरोधक नसल्याने पाण्याचा पंपही खराब होतो.

गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. त्यामागे बंद पडलेला पंखा, झिजलेला पंप, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा चोंदलेला रेडिएटर असतो. गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला एवढं विचाराच: ती तापली कशामुळे? याचं उत्तर मिळाल्याशिवाय बिल चुकतं करू नका.