पायाखालचे पाणी

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, जेथे लहानमोठ्या तेरा नद्या डोंगरातला गाळ आणून समुद्राला मिळतात, त्या दलदलीच्या मुलुखात डच कंपनीने १६१९ साली जयकर्ता हे बंदर उद्ध्वस्त करून बटाव्हिया हे कालव्यांचे शहर वसविले. संस्कृतातील विजयवाचक शब्दावरून आलेले जयकर्ता हे जुने नाव पुढे किंचित झिजून परत आले, आणि आज जकार्ता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरीत कोटीभर, तर उपनगरांसह तीन कोटींहून अधिक माणसे दाटीने राहतात.

इंडोनेशियाच्या या राजधानीचे हाल म्हटले की वाहनांची कोंडी आणि धूर डोळ्यांपुढे येतात, व ते तेथे यथेच्छ आहेतच. पण जकार्तेचे खरे दुखणे नळात आहे. पाणीपुरवठ्याचा मक्ता १९९८ पासून पंचवीस वर्षे दोन खाजगी कंपन्यांकडे असूनही शहराच्या मोठ्या भागाला नळ मिळाला नाही. नळाअभावी कांपुंगातल्या, म्हणजे तेथल्या दाट वस्त्यांतल्या, गरिबाने उथळ विहिरीतून आणि उत्तुंग हॉटेलांनी व कारखान्यांनी खोल विंधणविहिरींतून भूगर्भातले पाणी त्या मक्त्याच्या आधीपासूनच उपसले. गाळाच्या थरांतील पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात तोवर वरचा भार काही अंशी ते पाणीच पेलते. ते गेले की कण एकमेकांवर दबतात, आणि चिकणमाती एकदा दबली की पाणी परत मिळूनही पूर्ववत् होत नाही. पाऊस तेथे मुबलक, परंतु काँक्रीटखाली मुरावयास त्याला वाट नाही.

परिणामी १९७० नंतर उत्तरेकडील काही भाग चार मीटरपर्यंत खचले. मुआरा बारू येथे समुद्र अडविणाऱ्या भिंतीच्या आतले रस्ते भरतीच्या पातळीखाली आहेत, आणि भिंतीपलीकडे एक ओस मशीद पाण्यात उभी आहे. भिंत वाढवावी, तर तीही त्याच खचणाऱ्या मातीवर.

२०१९ साली राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी राजधानी बोर्निओत हलविण्याचा मनसुबा जाहीर केला आणि २०२२ मध्ये नुसांतारा या नव्या नगराचा कायदा झाला. दप्तरे हलतील, कारकूनही हलतील. कांपुंग मात्र जागच्या जागीच राहणार. त्यापेक्षा टोकिओचा दाखला मला अधिक उपयोगाचा वाटतो: तेही शहर असेच खचत होते, पण उपशावर कायद्याने निर्बंध घालून कारखान्यांना नदीचे पाणी पुरविल्यावर, १९७० नंतरच्या दशकात त्याचे खचणे बहुतांशी थांबले. जकार्तेतही मोठ्या इमारतींच्या उपशावर आता निर्बंध आले आहेत. विहिरीवाल्या घराला तसा हुकूम देण्यापूर्वी मात्र सरकारला त्याच्या दारी नळ न्यावा लागेल.