झडती, पंचनामा आणि सहा महिने

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या म्हणीमागे अनुभव आहे. वर्षानुवर्षे पडणाऱ्या तारखा आहेत, वकिलाची फी आहे, बुडालेली मजुरी आहे. पण तिचा आधार घेऊन आपण काही गोष्टी मुकाट्याने गिळतो. पोलिसांनी विनाकारण घेतलेली अंगझडती ही त्यातलीच एक. मारहाण झाली तर माणूस बोलतो, पैसे गेले तरी बोलतो. झडतीत काहीच सापडले नाही, तर मात्र ‘सुटलो एकदाचे’ म्हणत घर गाठतो. खरे तर काहीच सापडले नाही, तेव्हाच विचारायला हवे, की ही झडती घेतली कशासाठी?

आमचे मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे. पुढे आंबा घाट उतरला की कोकण. त्यामुळे नाकाबंदी आम्हाला नवी नाही. कधी गोव्याच्या दारूसाठी, कधी निवडणुकीत रोकड नेली जाते म्हणून गाड्या थांबवतात. ते पोलिसांचे कामच आहे आणि कायद्याने त्यांना अधिकारही दिला आहे. पण अधिकाराबरोबर बंधनेही आली.

१ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. झडतीचे मूळ नियम बहुतांश तेच राहिले. अटक केलेल्या माणसाची झडती घेता येते, पण त्याच्याकडून काढून घेतलेल्या वस्तूंची पावती त्याला द्यावी लागते. एखाद्या जागेची झडती चालू असताना तिथल्या कुणी वस्तू अंगावर लपवल्याचा वाजवी संशय असेल, तर त्याचीही झडती घेता येते. मात्र जे घेतले त्याची यादी करून तिची प्रत त्याला द्यायची. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची, तीही सभ्यता पाळून. अमली पदार्थांच्या कायद्यात तर याहून मोठे संरक्षण आहे. त्या १९८५च्या कायद्याचे कलम ५० सांगते, की संशयिताने मागणी केल्यास त्याची अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोरच घेतली पाहिजे. हा हक्क त्याला आधी सांगणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१० साली स्पष्ट केले. हे कलम अंगावरच्या झडतीपुरते आहे, हातातल्या पिशवीला ते लागू होत नाही.

मी कवितेचा माणूस, शब्दांत रमणारा. ‘पंचनामा’ या शब्दाचे मला नेहमी कौतुक वाटते. ‘पंच’ आपल्या गावातले आणि ‘नामा’ फारसीतून आलेला. चार माणसांदेखत घडले ते कागदावर उतरवायचे, एवढाच त्याचा अर्थ. पोलीस आणि नागरिक यांच्यामध्ये हा कागद साक्षीदार म्हणून उभा असतो.

साक्षीदार नसला तर काय होते, ते मुंबईत ऑगस्ट २०२४मध्ये दिसले. कालिना भागात एका माणसाची झडती घेताना पोलिसांनीच त्याच्या खिशात अमली पदार्थ ठेवल्याचा आरोप झाला. सीसीटीव्हीचे चित्रण बाहेर आले आणि खार पोलीस ठाण्याच्या एका उपनिरीक्षकासह चौघे निलंबित झाले. तिथे कॅमेरा होता. आपल्या आडरस्त्यांवर तो असेलच असे नाही.

झडती बेकायदा ठरली, तर तिच्यात मिळालेला पुरावाही आपोआप बाद होतो, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. केवळ झडती बेकायदा होती म्हणून पुरावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पूरणमल खटल्यात म्हटले. म्हणजे बेकायदा झडतीचा जाब वेगळा मागावा लागतो.

तो मागणाऱ्यांची वाट सोपी नव्हती. सप्टेंबर १९४७मध्ये अमृतसरचे सराफ रलियाराम मेरठला उतरले. पोलिसांनी त्यांना अडवले, झडती घेतली, सोने-चांदी जप्त केली. चांदी परत मिळाली, पण शंभराहून अधिक तोळे सोने एका हेडकॉन्स्टेबलने लंपास केले. सराफ भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ साली निकाल लागला, की जप्ती हे राज्याचे सार्वभौम कार्य, त्यासाठी सरकार जबाबदार नाही!

पुढे वारे बदलले. १९८३च्या रुदुल साह आणि १९९३च्या नीलाबती बेहेरा खटल्यांपासून मूलभूत हक्क मोडल्यास सरकारला भरपाई द्यावी लागू लागली. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गावदेवी पोलिसांनी बेकायदा अडकवून ठेवलेल्या एका महिलेला अडीच लाख रुपये मंजूर केले. २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. आपला खिसा, आपली वही, आपले अंग या सगळ्याला त्याचे कवच आहे.

आपल्या राज्यात आणखी एक हत्यार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, म्हणजे पूर्वीचा १९५१चा मुंबई पोलीस अधिनियम. त्याच्या कलम १४७नुसार त्रास देण्याच्या हेतूने आणि गरज नसताना कुणाची झडती घेणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. पण त्याच कायद्याच्या कलम १६१मध्ये मेख आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. त्याआधी संबंधिताला किमान एक महिन्याची नोटीस. सरकारलाही दाव्यात ओढायचे, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे ‘बघू सावकाश’ म्हणणाऱ्याचे दार बंद होते. मारहाण करून जबाब काढणे हे मात्र कर्तव्याच्या नावाखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली महाराष्ट्रातल्याच खटल्यात सांगितले आहे.

मलाही एकदा कविसंमेलनाहून परतताना एका नाक्यावर उतरवले होते. पिशवी पाहिली, काही नव्हते. मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर, “चाचा, परत एकदा हात वर करा.” दुसऱ्यांदा खिसे उलटले, वहीची पाने झटकली. कवितांवाचून काही पडले नाही. घरी आल्यावर तारीख, वेळ, जागा, सोबतच्या प्रवाशांची नावे लिहून काढली आणि वरिष्ठांकडे रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. वकील मित्राने सहा महिन्यांचे कलम दाखवले ते तेव्हाच. पंधरा दिवसांनी एक अधिकारी घरी आले, चहा घेतला आणि ‘त्या मुलांना समज दिली आहे’ म्हणाले. मला भरपाई नको होती. पहिल्या झडतीनंतर दुसरी का, याचे उत्तर हवे होते. ते त्यांच्याकडे नव्हते, पण प्रश्न सरकारी कागदावर चढला.

ब्रिटनमध्ये रस्त्यावर झडती झालेल्या माणसाला त्या झडतीच्या नोंदीची प्रत मागता येते. आपल्याकडे नोंद आपणच ठेवायची. झडतीला अंगाने विरोध करू नका, त्याने उलट गुन्हा लागतो. कारण विचारा, गणवेशावरचे नाव वाचा, काही घेतले तर यादी मागा. मग वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. दाव्यासाठी मात्र पहिल्या महिन्यातच वकील गाठा. उच्च न्यायालयात रिट करायची तर पूर्वी मुंबईची वाट धरावी लागे. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आहे. मलकापुरातून सकाळच्या एसटीने निघालेला माणूस काम उरकून संध्याकाळी घरी येऊ शकतो.

न्यायालयाची पायरी प्रत्येकाने चढावीच असे नाही. पण ती चढण्याचा हक्क सहा महिने जिवंत ठेवायचा, तर घटनेच्या रात्रीच वही उघडली पाहिजे.