कराड की कऱ्हाड?

गावाच्या नावाचा अर्थ विचारला की आपण लगेच त्याची फोड करू लागतो. किल्ल्याला सतरा तट, सतरा बुरूज, सतरा दरवाजे, म्हणून सातारा. सहा गल्ल्यांची वस्ती, म्हणून सांगली! ऐकायला हे गोड वाटते. परंतु ते बुरूज कोणी मोजून दाखवीत नाही. नावाचा शोध करावयाचा, तर ते पूर्वी कसे लिहीत असत हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या भागात या कामी कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडाइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

संस्कृत ग्रंथांत हे नाव 'करहाटक' असे येते. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात ते आहे. शके ८८० मधील, म्हणजे इ. स. ९५९ मधील, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट तर कराडलाच सापडला. आता अमरकोशात 'करहाटक' हे गेळफळाच्या झाडाचे एक नाव दिले आहे. झाले! गेळफळाची झाडे होती, म्हणून करहाटक, असे म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा.

पण येथे जुने शिलालेख आडवे येतात. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपाचा कठडा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावरील एका लेखात 'करहाकट' निगमाचे, म्हणजे व्यापारी नगराचे, दान नोंदले आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे लेण्यांत महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. तो आपणांस 'करहाकड'चा रहिवासी म्हणवितो. अभ्यासक ही दोन्ही नावे कराडचीच मानतात. नीट पाहा : येथे आधी 'क', मग 'ट' किंवा 'ड'. संस्कृतात हा क्रम उलटला आहे. बोलीतल्या नावाला पंडितांनी ओळखीच्या शब्दाचा पोशाख चढविला असावा, असे मला वाटते. तसे असेल, तर गेळफळाचा आधारच सुटतो.

उच्चाराचा प्रवास मात्र सरळ आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन 'ड' होतो आणि 'क' बहुधा गळून जातो. करहाकट, करहाकड, करहाअड, कऱ्हाड. 'करहाटक'पासून निघालो तरी मुक्काम हाच.

पुढे 'ह'ही गळू लागला. रेल्वे स्टेशनावर 'कराड' आहे. 'कऱ्हाडे' या ज्ञातिनामात मात्र 'ह' टिकून राहिला आहे. वर्तमानपत्रांत दोन्ही रूपे दिसतात. 'कराड' म्हणणाऱ्यास मी अशुद्ध ठरविणार नाही. 'क' गळाला तेव्हा कोणी तक्रार केली होती? परंतु जुने लेख उघडून गाव शोधणाऱ्याने तो 'ह' बरोबर न्यावा. त्यावाचून त्याला हे गाव तेथे भेटणार नाही.