राणीची बाग कशी पाहावी

आपल्या गावचा माणूस मुंबईला जातो तो बहुधा कामापोटी. कुणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचे असते, कुणाचा भाऊ तिथे नोकरीला असतो, कुणाच्या पुतणीचे लग्न असते. काम उरकते आणि एखादा दिवस हाती मोकळा राहतो. मग बरोबरची पोरे धोशा लावतात, "राणीच्या बागेत चला!" भायखळ्याची ही बाग पिढ्यान्‌पिढ्या अशी मोकळ्या दिवसाची बाग झालेली आहे. तिथे गरिबाला शिरता येते, म्हाताऱ्यांना सावलीला बसता येते आणि पोरांना पळायला जागा मिळते. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण आम्ही पुष्कळदा पाहतो, बरीच मंडळी बागेत शिरतात ती धावतच. वाघ कुठे, अस्वल कुठे, पेंग्विन कुठे, असे विचारत या कुंपणापासून त्या कुंपणाकडे. वाघोबा नेमके झोपलेले असतात. पोरे रडकुंडीला येतात, बायांचे पाय दुखतात, आणि दोन तासांत सारे बाहेर. जनावरे पाहिली म्हणावी तर पाहिली. बाग मात्र पाहायची राहूनच गेली!

म्हणून आधी फाटकावरची पाटी वाचा. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा घाई करू नका. तिथे लिहिले आहे, 'वीरमाता जिजाबाई भोसले'. हे बागेचे आजचे नाव. शिवाजी महाराजांच्या मातोश्रींचे. पूर्वी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव होते, त्यावरून लोक 'राणीची बाग' म्हणू लागले ते आजतागायत. नावाच्या पुढे दोन लांबलचक शब्द येतात, 'वनस्पती उद्यान' आणि 'प्राणिसंग्रहालय'. वनस्पती म्हणजे झाडेझुडपे. पाहा, नावात झाडे आधी आली आणि जनावरे मागून!

इतिहासही तसाच आहे. ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली. शेती आणि फळबागा यांची आवड असलेल्या मंडळींची एक संस्था होती, तिने ती उभी केली. देशोदेशींची झाडे आणून लावायची, आपल्या हवेत ती जगतात का ते पाहायचे, असा त्यांचा उद्योग. पुढे संस्थेची पैशाची ओढाताण झाली आणि १८७३ साली बाग नगरपालिकेकडे आली. जनावरांचा पसारा त्यानंतर वाढत गेला. आज ही सारी जागा सुमारे ५० एकर आहे आणि तीत ३००० हून अधिक झाडे आहेत. त्यांच्या जातीच २५० च्या वर भरतील.

तेव्हा आत गेलात की थोडे थांबा आणि वर पाहा. पुष्कळ झाडांना नावाची पाटी आहे. ती वाचा, पोरांकडून वाचून घ्या.

कैलासपतीचे झाड तर चुकवूच नका. त्याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, सरळ बुंध्यातून फुटलेल्या दोऱ्यांसारख्या काटक्यांवर येतात. फूल हातात आल्यासारखे जवळून दिसते. मधे पिंडीसारखा उंचवटा, वर नागाच्या फण्यासारखी झाकण. म्हणून आपल्या लोकांनी त्याला कैलासपती नाव दिले. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पण नाव वाचून कुणाला खरे वाटायचे नाही. फुलाला वास गोड. फळ मात्र तोफेच्या गोळ्याएवढे आणि तसेच कठीण. पिकून पडले की त्याला घाण वास सुटतो. फळांचा हंगाम असेल तर पोरांना झाडाच्या बुडाशी खेळू देऊ नका.

गोरखचिंच पाहा. तिचा बुंधा पाहून पहिल्यांदा माणूस हसतोच. चार-पाच माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही असा जुना बुंधा असतो. हे झाड आफ्रिकेच्या कोरड्या मुलुखातले. पावसाळ्यात मिळालेले पाणी ते खोडात साठवून ठेवते, म्हणून खोड असे फुगते. आपण घरात रांजण भरून ठेवतो तसेच म्हणा ना!

आणि उर्वशी. ही ब्रह्मदेशातून आलेली. हिवाळा सरता सरता गेलात तर तिची फुले सापडण्याचा संभव असतो. लाल फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, त्यांवर पिवळे ठिपके. आम्हांला विचाराल तर साऱ्या बागेत याहून देखणे काही नाही.

या झाडांवर एकदा संकट आले होते. २००७ च्या सुमारास बागेचा चेहरामोहरा बदलून टाकण्याचा मोठा आराखडा निघाला. नवी बांधकामे झाली तर जुन्या झाडांचे काय, म्हणून मुंबईतल्या काही नागरिकांना काळजी वाटली. त्यांनी काय केले? घोषणा देऊन भागले नसते. ते बागेत गेले, एकेक झाड मोजले, त्याची जात ओळखली, नाव कागदावर लिहिले. झाडांची यादी हाती असली म्हणजे कुणाला म्हणता येत नाही, की इथे चार झुडपे आहेत. तो आराखडा पुढे तसाच्या तसा झाला नाही. पुढे बागेत नवी बांधकामे झाली, जनावरांची जुनी पिंजरेवजा घरे जाऊन मोठी आवारे झाली, पण सावली शाबूत राहिली.

आता जनावरे. ती पाहायचीच, पोरे सोडणार थोडीच! वाघ, अस्वल, पाणघोडा, हरणे, मोठ्या जाळीतले पक्षी असे खूप आहे. वाघाची एक जोडी २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आणली होती. जनावरे बहुधा दुपारच्या उन्हात आडवी होतात, म्हणून सकाळी लवकर गेलेले बरे.

पेंग्विन हा पक्षी आहे, पण तो उडत नाही, पोहतो. २०१६ साली कोरियातून ते आणले आणि २०१७ साली लोकांना पाहायला खुले केले. ते काचेच्या थंड खोलीत राहतात. तुम्ही म्हणाल, बर्फातला पक्षी इथे कसा? पण या जातीचे मूळ घर बर्फात नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली हे देश आहेत, त्यांच्या किनाऱ्याने समुद्राचा गार प्रवाह वाहतो. तिथे हे राहतात. म्हणून त्यांना बर्फ लागत नाही, गारवा लागतो. त्यांच्यावर एवढा खर्च करावा का, याबद्दल तेव्हा मोठा वाद झाला. वाद करणाऱ्यांचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. पण काचेला नाक लावून उभे असलेले पोर ते ऐकत नाही, हेही खरे. मात्र काचेवर टकटक करू देऊ नका.

आणखी एक गोष्ट. जनावरापुढे खाण्याचा पदार्थ किंवा पिशवी टाकू नका. गावात गाईने प्लास्टिक गिळले तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. पोटात गोळा होतो, चारा पुढे सरकत नाही, पोट फुगते आणि जनावर खंगत जाते. हरणाचे पोटही तसेच. बागेतली जनावरे उपाशी नसतात, त्यांना वेळेवर खाणे मिळते. पोर हट्टाने वेफर पुढे करील, तेव्हा हात धरा.

पोरांसाठी झोके, घसरगुंडी आहेत. पूर्वी हत्तीवर बसवून मुलांना फिरवीत. जुनी माणसे अजून ती आठवण सांगतात. ते आता बंद झाले, बरेच झाले.

सुट्टीच्या दिवशी गर्दी फार. पोर हातातून सुटले तर मोठ्यांचीही मती गुंग होते. म्हणून निघण्याआधी एक चिठ्ठी करा. तीवर मुलाचे नाव, बापाचे किंवा आईचे नाव आणि फोनचा आकडा तुमच्याच हाताने लिहा. चिठ्ठी मुलाच्या खिशात घाला. अक्षर वाकडे आले तर येऊ द्या, आकडे तेवढे स्वच्छ काढा. बागेत शिरताच एक ठिकाण ठरवा आणि सांगून ठेवा, "चुकलास तर इथे येऊन थांब."

जायचे कसे? मध्य रेल्वेचे भायखळा स्टेशन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून धिम्या गाडीने निघालात तर मशीद, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा. दादरहून येणाऱ्यांनी परळ, करी रोड, चिंचपोकळी ही स्टेशने मोजावी, पुढचे भायखळा. पूर्वेला उतरा. तिथून बाग पायी जाण्याजोगी आहे. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. २०१७ साली तिकीट वाढले तेव्हा मोठ्या माणसाला ५० रुपये आणि आईबाप व दोन मुले मिळून १०० रुपये असा दर ठरला. खिडकीवर दर लिहिलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या. चौघे असाल तर कुटुंबाचे तिकीट मागा. आत काय न्यायचे नाही तेही फाटकावर लिहिलेले असते. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, भाकरी फडक्यात बांधा.

बागेला लागूनच डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे जुने वस्तुसंग्रहालय आहे. ते १८७२ साली उघडले. त्याचे तिकीट वेगळे, आणि तेही बुधवारी बंद. त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीच्या बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटले. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले, पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे या बागेत आणून टाकले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन पाहा, सांधे अजून ओळखू येतात.