दीर्घिकांचे आकार

मी मराठीचा अध्यापक. तेव्हा आरंभ शब्दापासूनच करतो. इंग्रजीत जिला ‘गॅलक्सी’ म्हणतात तिला मराठीने ‘दीर्घिका’ हे नाव दिले. संस्कृत काव्यांतली दीर्घिका म्हणजे उद्यानातले लांबट तळे. चपटी सर्पिल दीर्घिका कडेने पाहिली तर हे नाव तिला शोभते. परंतु विश्वातल्या सर्वांत जड दीर्घिका बहुधा अशा नसतात. त्यांना ना चकती, ना बाहू. नुसता ताऱ्यांचा फुगीर गोळा. असे का व्हावे?

चकतीतले तारे एकाच दिशेने, शिस्तीने केंद्राभोवती फिरतात. आपल्या आकाशगंगेतही तसेच आहे. अशा दोन चकत्या एकमेकींत शिरल्या तरी तारे ताऱ्यांवर आदळत नाहीत. सूर्याला सर्वांत जवळचा ताराच सव्वाचार प्रकाशवर्षे दूर. आदळणार कोण कोणावर? मात्र गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीने प्रत्येक ताऱ्याची वाट बदलते. ताऱ्यांना मिळणारी ही ऊर्जा दीर्घिकांच्या परस्परगतीतून वजा होते. वेग मोठा असेल तर दीर्घिका पार निघून जातात. मंद असेल तर अडकतात, परत फिरतात आणि शेवटी एक होतात. शिस्त मोडते, तारे वाटेल त्या दिशेने फिरू लागतात. वायू शिल्लक असला तर नवी चकती जमू शकते. वायू सरलेल्यांच्या मिलनात तीही आशा नाही. सर्वांत जड दीर्घिका अशा वारंवारच्या मिलनांतून वाढल्या, असे आज मानले जाते.

कन्या तारकासमूहातली एम-८७ ही त्यांतलीच. दुर्बिणीतून ती जवळजवळ वाटोळी दिसते. आपल्याला दिसते ती तिची एकच बाजू! ताऱ्यांच्या गती मोजल्यावर २०२३ मध्ये कळले की तिचे तिन्ही अक्ष असमान आहेत. म्हणजे आकार साधारण बटाट्याचा.

या टकरींचे गणित आरंभीच्या काळात मांडणाऱ्यांत आपल्या हैदराबादचे प्रा. सालेह महंमद अल्लादीन होते. शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन ते उस्मानिया विद्यापीठात आले. त्यांचा टकरींवरील निबंध १९६५ चा. टूम्रे बंधूंची संगणकावरची प्रसिद्ध चित्रे आली १९७२ मध्ये. त्याच विद्यापीठाच्या आवारात मी वर्षानुवर्षे काव्यांतल्या तळ्यांविषयी शिकवीत होतो आणि पलीकडे खऱ्या दीर्घिकांचा हिशोब चालला आहे, याची मला वार्ताही नव्हती. अल्लादीन २०११ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव मी प्रथम वाचले ते त्यानंतर.